परमुलखातला शिपाई

"सलामी तेवढी द्या, हवालदारसाहेब. दुसरं काय बी मागत नाय."

सखारामदादांनी हात जोडले. दौलताबादच्या आमच्या वस्तीत, त्यांच्या दारासमोर रुग्णवाहिका उभी होती. तिच्यात त्यांचा एकुलता पुत्र इंद्रजीत लाकडी पेटीत बंद होता. फौजेतून सेवानिवृत्त झालेले हवालदार राजकुमार खाली पाहत राहिले.

"दादा, पोरगं रशियाच्या फौजेत मेलं. माझी सलामी तिरंग्याची हाय. परक्या निशाणाला कशी देऊ?"

"म्हंजी त्यो शिपाई नव्हता व्हय?"



इंद्रजीत हा वस्तुतः सामान्य तरुण. पहाटे किल्ल्याच्या रस्त्याने धावे, दिवसा शहरात क्रांती चौकातील दुकानात मोबाईल दुरुस्त करी. आपल्या सैन्याच्या भरतीत त्याची छाती पुरेशी फुगत नसे. मित्र त्यास "फुग्या" म्हणत आणि तोही हसे. पुढे हॉटेलातील कामासाठी तो रशियात गेला व तेथेच स्वेच्छेने पायदळात दाखल झाला. "माय, इथं छाती लई बारकाईनं मोजत नायत!" असे त्याने फोनवर आईला, भामाबाईंना, सांगितले होते.

मला मात्र निराळेच कुतूहल होते. परभाषेतील हुकूम त्यास कसे उमगत असतील? एकदा फोनवर मी विचारलेच.

"काका, पुढचा बसला की बसायचं. पळाला की पळायचं."

"अन् पुढं कुणी नसलं तर?"

त्यावर तो केवळ हसला. मृत्यूच्या दिवशी तो रांगेत सर्वांत पुढे होता, एवढेच आम्हांस कळले.

"दुसऱ्याच्या भांडणात मेला," गर्दीतून सुदर्शन पुटपुटला, "त्याला कशाची सलामी?"

"सुदर्शन," भामाबाई दारातून कडाडल्या, "तुझ्या बापानं कोणत्या लढाईत गोळी खाल्ली रं?"

सुदर्शन मागे सरला. हवालदारांनी दादांना हलक्या आवाजात विचारले, "पायदळात व्हता का?"

"व्हय. लई चालवायचे म्हणं."

हवालदारांची सारी नोकरी पायदळात गेलेली. ते रुग्णवाहिकेजवळ गेले.

"सलामी नाय देत, दादा. पण संगं चालतो."

पेटी उतरवताच त्यांनी तिच्या पुढील डाव्या बाजूस खांदा दिला. उजवीकडे सखारामदादा, मागे आम्ही चौघे. "बायें... दायें..." डाव्या-उजव्या पावलाचा कवायती हुकूम हवालदार दबक्या स्वरात म्हणू लागले. एरवी प्रेतयात्रा घाईघाईने निघते. ही मात्र संथ, एका तालात निघाली. मागून येणाऱ्या मंडळींची पावलेही नकळत त्याच तालात पडू लागली.

केवळ सखारामदादांचे पाऊल चुके. प्रत्येक वेळी पेटी हिंदकळे.

"दादा, बायाँ पाय."

दादांनी प्रयत्न केला. पुन्हा चुकले. त्यांचे डोळे भरून आलेले, त्यांना रस्ताही दिसत नसावा.

ज्याचे पाऊल चुकते त्यानेच ते बदलायचे, असा फौजेचा दंडक आहे. हवालदार क्षणभर थबकले. "कदम बदल," असे स्वतःशीच पुटपुटून त्यांनी आपले पाऊल दादांच्या पावलाशी जुळवले. मग आम्हीही जुळवले. पेटी स्थिर झाली.