चौथ्या धड्यातला म्हातारा

चहा हवा म्हणून झ्लात्काने मान खाली-वर केली आणि पेन्काने तिच्यापुढे ठेवलेला कप सरळ उचलून नेला.

"अगं, हवाय मला!"

"मग नको कशाला म्हणतेस? आठ महिने झाले येऊन, मान काय इटलीतच विसरलीस?"

चूक झ्लात्काचीच. सगळ्या बल्गेरियात 'हो' म्हणायला मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणायला वर-खाली. पण बारा वर्षं बोलोन्यात परक्या म्हाताऱ्यांची सेवा करताना, मालकिणींची बोलणी खाऊन खाऊन तिने मानेला उलटं वळण लावून घेतलं होतं. ते आता सुटता सुटत नव्हतं आणि रुसे शहरातल्या या प्रशिक्षण केंद्रात तो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाला होता.

आज मात्र तिला चेष्टा सुचत नव्हती. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी कशी घ्यावी, यावर तिने आठ धड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम रचला होता. परदेशी कामाला जाणाऱ्या चाळीस बाया सोमवारी तो शिकायला बसणार होत्या. त्याआधी दुसऱ्या केंद्रांतले दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसारखे सगळे धडे करून पाहिले होते आणि आज पडद्यावरच्या बैठकीत कुठे अडलं ते सांगणार होते. तिला भीती होती ती चौथ्या धड्याची. बापाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळल्यावर ती धावत आली, तेव्हा नऊच आठवडे तिच्या वाट्याला आले. जन्मभर दुसऱ्यांचे आईबाप सांभाळले, पण त्या नऊ आठवड्यांत मी कुठेही कमी पडले नाही, एवढाच तिच्या जिवाला आधार होता. चौथ्या धड्यात ती नऊ आठवड्यांची मेहनत होती. फळीवर फोन ठेवून तिनेच ते चित्रण केलं होतं. पडद्यावर बाबा दिसायचे आणि हातमोजे घातलेले तिचे दोन हात, बस.

केंद्रप्रमुख म्हणून पेन्काने बैठकीचा नियम सांगितला. अर्धा तास ज्याचं काम त्याने तोंड उघडायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. गेल्या वर्षी एका मास्तराने प्रत्येक सूचनेवर वाद घालून संध्याकाळ केली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

पडद्यावर प्लेवेनचा ल्युबोमीर आधी बोलला. "धडे छान आहेत. पण बरोबर उत्तराला दर वेळी हिरवी खूण आणि 'शाब्बास!' आठव्यांदा मला वाटलं, मी बालवाडीत बसलोय."

झ्लात्काने हसून लिहून घेतलं. मग विदिनच्या स्तोयान्काबाई सरसावल्या. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, जिभेला लगाम नव्हता.

"मला चौथ्या धड्याबद्दल बोलायचंय. ल्युबो, लाव बरं तो कुशीवर वळवायचा भाग."

निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातले बाबा पडद्यावर आले. हातमोज्यांतल्या हातांनी त्यांचा डावा दंड धरला.

"झटक्याचा माणूस आहे, वाचा गेलीय. खाली लिहिलंय, 'आता विचारा, दुखतंय का?' आता म्हातारा काय करतो बघा."

बाबांनी उशीवर मान डावीकडे नेली. मग उजवीकडे.

"आणि खाली काय येतं? 'रुग्ण नाही म्हणतो, पुढे चला.' अहो, तो हो म्हणतोय! जीव तोडून हो म्हणतोय."

"खरंच की," ल्युबोमीर म्हणाला. "मी नुसती अक्षरं वाचली, त्याच्याकडे बघितलंच नाही."

"ही बाई त्याचा लुळा दंड ओढतेय. बघ, पुन्हा हो म्हणाला. तरी हिचं चालूच. परदेशी आहे का कोण ही बया?"

पेन्काचा चेहरा पांढराफटक पडला. अभ्यासक्रमाचे नुसते मथळे वाचून तिने सही ठोकली होती, पण झ्लात्काच्या बाबांच्या मातीला ती गेली होती. त्या चेहऱ्याची ओळख तिला आता पटली. "स्तोयान्काताई, पुढच्या धड्याकडे जाऊ या का?"

"पुढचे ठीक आहेत. गडबड इथेच आहे."

झ्लात्काची पेन्सिल वहीवर टेकलेली तशीच राहिली. रोज दुपारी ती बाबांना घेवड्याचं सूप भरवायची. चार चमचे झाले की विचारायची, "अजून हवं का, बाबा?" बाबा मान आडवी हलवायचे. "नको? बरं," म्हणून ती वाडगा घेऊन जायची. त्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे यायचे. तिला वाटायचं, लेकीला डोळे भरून बघतायत. शेवटच्या दोन आठवड्यांत तर त्यांनी मान हलवायचीच सोडून दिली होती, आणि ती शेजारणीला कौतुकाने सांगत होती, आता शांत झालेत.

"हा भाग काढूनच टाकावा," ल्युबोमीर म्हणाला.

"मुळीच नाही! अरे, आपल्या बाया तिकडे जाऊन हेच उलटं करणार. तिथल्या म्हाताऱ्याने दुखत नाही म्हटलं तरी यांना हो वाटणार, आणि हो म्हटलं तर नाही. खालचं वाक्य पुसा आणि तिथे प्रश्न टाका. याच्याइतकं शिकवणारं त्यात दुसरं काही नाही." स्तोयान्काबाई पुढे म्हणाल्या, "आणि त्या बाईला कुणीतरी सांगा. अजून कुणी तिच्या हाताखाली असेल तर?"

अर्धा तास संपला. "झ्लात्का, आता तू बोलू शकतेस," पेन्का हळूच म्हणाली. "नाही बोललीस तरी चालेल."

"तिच्या हाताखाली आता कुणी नाही," झ्लात्का म्हणाली. "माझे बाबा होते ते."

"पोरी," स्तोयान्काबाई म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं गं."

"मलाही."

पडदा बंद झाल्यावर पेन्का जवळ येऊन बसली. झ्लात्काच्या पिशवीत बाबांना जाऊन सहा महिने झाल्याच्या, तिथल्या रिवाजाने शनिवारी दारावर लावायच्या शोकपत्रिका होत्या, त्यावर बाबांचा तरुणपणीचा हसरा फोटो. "प्रश्न उद्या टाक," पेन्का म्हणाली.

"सोमवारी बाया बसतील."

तिने खालचं वाक्य पुसलं. प्रश्न लिहिला: या माणसाला दुखतंय का? हो. नाही. मग केंद्राच्या शिरस्त्याप्रमाणे स्वतः विद्यार्थी होऊन धडा करून पाहिला. बाबांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि या वेळी तिने थांबून नीट पाहिलं. मग 'हो'वर बोट ठेवलं.

हिरवी खूण उमटली. खाली आलं, "शाब्बास!"

ते काढायचं राहून गेलं होतं.