पट्ट्यापट्ट्यांचा भांडखोर

माझी सगळी नोकरी कन्नडकडच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाडीत कुणी दगड घातलाय, हे मला लांबूनच कळायचं. त्यामुळं मी कुणावर भरवसा ठेवत नाय. माझी बायको वच्छला म्हणते, "तुम्ही लग्नातल्या अक्षताबी निवडून घेतल्या असत्या." घेतल्याच असत्या! खडे निघाले असते तर?

तर हृदयाच्या डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या महिन्यात अँजिओग्राफी करू, तवर डोकं शांत ठेवा, वाटलं तर मासे पाळा. मला पहिला संशय हाच आला, की ह्याच्या मेव्हण्याचं माशांचं दुकान असणार. पण जिना चढताना छाती भरून यायची आणि मनातून भेव वाटायचं, ते खरं. म्हणून क्रांती चौकाजवळच्या बद्रीनाथकडून दोन फुटी टाकी आणि टेट्रा जातीचे दहा-बारा बारके मासे आणले.

माझा डोळा मात्र दुकानातल्या दांडग्या ऑस्कर माशावर होता. "काका, तो हातभर वाढतो," बद्रीनाथ म्हणाला. "फ्लावरहॉर्न मासा तर शेजारी कुणाला जगूच देत नाय. एवढ्याशा टाकीत ह्यांच्याच सिक्लिड जातीतला मासा पाहिजे असंल तर ब्लू रॅमची जोडी न्या. बोटाएवढी राहते, टेट्राच्या वाटंला जात नाय."

नेमकं महागाचंच नाव घेतोय बेटा, मी मनात म्हणलं. तरी घेतली. जोडी गुणी निघाली. फुटक्या कुंडीच्या तुकड्याखाली तिनं संसार मांडला आणि टेट्रा वरून खुशाल फिरायचे. मलाबी जरा बरं वाटायला लागलं.

मग एका सकाळी एक टेट्रा मेलेला, शेपूट कुरतडलेलं. आठवडा सरायच्या आत अजून दोन गेले.

मी कुणालाच सोडलं नाय. नळाच्या पाण्यावर संशय घेतला, कारण ते आठवड्यानं येतं आणि येतं तेव्हा दवाखान्यासारखा वास मारतं. वरच्या मजल्यावरच्या सरूबाईवर घेतला, ती येता-जाता पोळीचे तुकडे टाकायची. बद्रीनाथवर तर पहिल्यापासूनच होता. पण एक गोष्ट लई खटकायची. मासा मेला की वच्छला त्याला कुंडीत पुरायची, हात जोडायची, आणि दुपारी शिरा करायची.

"घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं," ती म्हणायची.

"कसलं संकट? दुकानदार लबाड हाय!"

शेवटी मी चष्मा लावून टाकीसमोर ठाण मांडलं. टाकीतल्या वेलीमागं काळे पट्टे हलले. हा मासा मी आणलेला नव्हता. रॅमच्या मादीचा पंख फाटला होता आणि ती कोपऱ्यात दबून बसली होती. माझं टाळकंच सरकलं. पट्टेवाल्याला डब्यात घातलं आणि तडक दुकान गाठलं.

"व्हय रे, टेट्राच्या पिशवीत हे काय घातलंस?"

बद्रीनाथनं डब्यात बघितलं आणि मान खाली घातली. "काका, हा झेब्रा काकूंनी नेलाय. मी म्हणलं, नका नेऊ, हा सगळ्यांना मारंल. तर म्हणल्या, मला मारणाराच पाहिजे."

घरी वच्छला मेथी निवडत होती. मी डबा पुढ्यात आदळला. "बोल."

ती खोटं बोलली नाय. "एक मासा गेला की घरातल्या माणसावरचं टळतं. तुमची दवाखान्याची तारीख जवळ आली. मासे आपणहून मरायची वाट किती बघू?"

"अगं, मुक्या जिवांचे जीव घेतेस तू!"

"घेते," ती म्हणाली. "तुमचा राहू दे." आणि तिनं परत मेथीची जुडी ओढली.

झेब्रा परत केला. अँजिओग्राफी झाली, गोळ्यांवर भागलं. ती म्हणते माशांनी वाचवलं, मी म्हणतो डॉक्टरनं. त्यावर आम्ही अजून भांडतो. रॅमचा पंख भरून आला, टाकी पुन्हा नांदती झाली.

ह्या महिन्यात वच्छलाच्या छातीत गाठ हाताला लागली. तुकडा तपासायला दिलाय, शुक्रवारी रिपोर्ट येणार. ती घरात रोजच्यासारखी वावरती. काल टाकीपाशी बसून म्हणाली, "बघा, कसे निवांत हायत." मला मात्र ते निवांतपण बघवंना.

आज सकाळी बद्रीनाथकडं गेलो.

"या काका, ब्लू रॅमची नवी जोडी आलीय."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणलं. "तो पट्ट्यापट्ट्यांचा हाय का? मारणारा?"