दमयंतीबाईंच्या कणकेच्या गोळ्या

पुणतांब्यात मार्तंडराव शिरस्तेदारांएवढा पुण्यवान माणूस दुसरा नाही, याबद्दल गावात दुमत नव्हतं. नगरच्या कोर्टातून पेन्शन घेऊन ते गावी परतले आणि रोज सकाळी गोदामाईतल्या माशांना रामनामाच्या गोळ्या घालू लागले. गोळ्या त्यांच्या पत्नी दमयंतीबाई वळत. लढाईपायी गहू रेशनवर होता. घरच्या ताटात भाकरी असायची, पण माशांना मात्र गव्हाची कणीक. एकेक गोळी वळताना बाई रामाचं नाव घेत. लाख गोळ्यांचा संकल्प होता आणि रामनवमीला सांगता.

गोळ्या माशांपर्यंत पोचत होत्या, हे अगदी खरं. फक्त त्यांच्या आत गळ असे.

त्याचं असं झालं. नगरच्या कॅम्पातला एक गोरा कप्तान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला होता. मार्तंडरावांनी त्याचं मृत्युपत्र वेळेवर नोंदवून दिलं, म्हणून खूश होऊन त्याने आपली मासे धरायची छडी चरखीसकट त्यांना देऊन टाकली. मृत्युपत्र करून इतका खूश झालेला माणूस त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता. छडी शोभेला ठेवू म्हणाले, आणि एकदा फेकून पाहिली. पेन्शनीत माणसाला काहीतरी लागतंच. कोणाला तपकीर लागते.

छडीचा मुक्काम घाटापासून जरा वर, छगनच्या मळ्यातल्या खोपीत असे. छगन वांगी लावी आणि मासे खाई. मरळीला बेडकी, वांबीला गांडूळ आणि खडसाला कणीक, हे कुठल्या माशासाठी गळाला काय लावायचं याचं ज्ञान त्याचंच. मार्तंडराव बेडकीला हात लावणार नव्हते, तेव्हा त्यांच्या वाट्याला खडस आला. मासा लागला की ते त्याला दोन्ही हातांत धरत, डोळे भरून बघत आणि पाण्यात सोडून देत. छगन तेव्हा काठावरून ओरडे.

"अवो तात्या, ताटावरनं पाव्हना उठीवला की! तुमी खात न्हाई त्ये ठीक, पर माझ्या राहीनं काय पाप केलंय? मसाला वाटून बसलीया ती."

"रामनाम खाल्लेला मासा आहे, छगन. तो काय रश्श्यात शोभेल?"

"लई शोभंल!"

खोपीसमोरच्या डोहात एक थोरला खडस होता. सगळ्यांच्या गोळ्या खायचा आणि कोणाच्या गळाला लागायचा नाही, म्हणून छगन त्याला पाटील म्हणे. मार्तंडरावांनी वर्षभरात त्याचं फक्त शेपूट पाहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, पाटील दोन्ही हातांत धरायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि घरी कळलं, तर तीही उरणार नव्हती. रामाच्या नावाने माशांची फसवणूक, हा गुन्हा कोर्टात बसत नसला तरी स्वयंपाकघरात बसत होता.

रामनवमी उजाडली. शेवटच्या गोळ्या दमयंतीबाई स्वतः चार बायकांना घेऊन माशांना घालणार होत्या. मार्तंडरावांनी त्यातल्या मूठभर आधीच उचलल्या. "मी पुढे होऊन जागा बघतो," म्हणाले, आणि निघाले.

"कसली जागा बघता, तात्या? नदी काय सोयरिकीला आलीय व्हय?" छगन छडी देता देता म्हणाला.

"एकच फेक. बायका यायच्या आत."

गोळी डोहात पडली. पाणी हललं नाही. मार्तंडराव दोरा गुंडाळणार, तेवढ्यात चरखी ओरडली.

"पाटील!" छगन ओरडला. "सोडू नगासा!"

आणि नेमक्या त्याच वेळी घाटाकडून वर येणाऱ्या पायवाटेवरून बांगड्यांचा आवाज आला. दमयंतीबाई पुढे, शेजारच्या सरोजिनीबाई मागे, आणि दोघींच्या मधून वाकून बघणारी आळीतली लंकाबाई.

छडी पाण्यात टाकली असती तर अब्रू वाचली असती. मार्तंडरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दोऱ्याकडे. मग धोतराचा काचा मारला, टाचा वाळूत रोवल्या आणि चरखी फिरवू लागले. मासा डोहाच्या पलीकडे गेला, परत आला, खडकाशी घुटमळला. मार्तंडराव गुडघाभर पाण्यात, मग मांडीभर. शेवटी तो सोनेरी खवल्यांचा पाटील त्यांनी दोन्ही हातांत उचलला आणि लहान मुलासारखे मोठ्याने हसले.

काठावरच्या बायका पुढे सरसावल्या.

"अगंबाई, माशाच्या तोंडात हे काय?" लंकाबाईने विचारलं.

तीस वर्षं खोट्या साक्षी ऐकलेल्या माणसाला ऐन वेळी एकही आठवली नाही.

"मत्स्यावतार आहे," दमयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "संकल्प पुरा झाला म्हणून दर्शन द्यायला आलाय. सरोजिनीताई, हळदीकुंकू द्या."

बाई पाण्यात उतरल्या. पाटलाच्या कपाळावर, म्हणजे असेल तिथे, कुंकू लागलं. बायकांनी हात जोडले, लंकाबाईने तर पदर पसरला.

"आता काटा काढा," दमयंतीबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "की त्याला निराळा मुहूर्त हवाय?"

काटा निघाला. पाटील कुंकवासकट डोहात गेला. खोपीच्या आडोशाला छगनने डोळे मिटून घेतले.

घरी परतताना मार्तंडराव म्हणाले, "तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

"अहो, धोतराला मासळीचा वास यायचा. गोळ्या खाऊन मासे काही माणसाच्या धोतराला तोंड पुसत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"श्रावणात छगनला विचारलं. तो म्हणाला, तात्या सोडून देत्यात, खात न्हाईत. नामाची गोळी पोटात गेली की झालं, मग मासा जरा फिरून आला तर काय बिघडलं? पण नुसती कणीक पाण्यात सुटते म्हणाला, म्हणून तेव्हापासून मळताना वातींचा कापूस घालते." त्या थोडं चालल्या. "ती चरखी फिरवायला जड जाते का हो?"

दुसऱ्या दिवशी छगन मळ्यातून लवकर घरी आला आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसला.

"काय झालं?" राहीबाईने विचारलं.

"मसाला वाटू नगंस. आता दोघंबी सोडत्यात."