सालशातले दोन चमचे

पहिल्या दिवशीच्या सालशात दीपकचं काही पाप नव्हतं. पपई, पेरू, डाळिंबाचे दाणे, काकडी, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू आणि भाजलेल्या जवसाची भरड. चिखलीच्या आहारतज्ज्ञ मयुरी मॅडमनी रेणुकाताईला लिहून दिलं होतं अगदी तसंच. ताईला पीसीओडी होता. पाळी चार-चार महिने यायची नाही, आणि आली की लांबच्या पाहुण्यासारखी मुक्कामच ठोकायची. कागदावर वर लिहिलं होतं 'हार्मोनला मानवणारा आहार', आणि खाली तांबड्या शाईत: साखर बंद, गूळ बंद, मधसुद्धा बंद.

ताई सकाळी सातला शाळेत शिकवायला निघायची. दीपक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, म्हणजे घरात सगळ्यात मोकळा तोच. सुरी त्याच्या हातात आली.

"हे काय होय बे?" आईनं वाटीत डोकावून विचारलं.

"सालसा."

"कोशिंबीर तं दिसते."

"कोशिंबिरीचा पासपोर्ट निघाला का तिले सालसा म्हंतेत."

ताईनं पहिला चमचा घेतला, चावला, गिळला आणि बाकीची वाटी खिडकीबाहेर बघत संपवली. कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते.

"मिरचीनं," ती म्हणाली.

मिरची टाकायला दीपक विसरला होता.

त्या घरात चिरलेलं फळ साखरेशिवाय ताटात गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आई सोललेल्या संत्र्यावरसुद्धा साखर भुरभुरायची, वर म्हणायची, फळाले पाणी सुटलं पाह्यजे. दुसऱ्या दिवशी दीपकचा हात आपसूकच डब्याकडे गेला. दोन चमचे. दाणे दिसू नयेत म्हणून त्यानं ते लिंबाच्या रसात विरघळवले. एवढी बारकाई अभ्यासात दाखवली असती तर तो एव्हाना तहसीलदार झाला असता.

"आज जमला बे!" ताईनं वाटी पुसून खाल्ली.

झालं. तिसऱ्या दिवशी साखर न टाकणं म्हणजे जमलेलं मुद्दाम बिघडवणं. चौथ्या दिवशी तर ती रेसिपीच झाली.

दीपकला खरा त्रास ताईच्या वहीनं दिला. खाल्लेलं सगळं लिहायचं, असा मॅडमचा हुकूम होता, आणि ताई लिहायची. 'बडीशेप, अकरा दाणे.' 'आईच्या ताटातला भाताचा घास, लहान.' अशा वहीशेजारी उभं राहून लिंबू पिळताना दीपकच्या कानशिलांना घाम फुटायचा. तरी तो पिळायचा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, आणि तो घेऊन ताई नि दीपक मॅडमकडे गेले. रक्तातली साखर उतरायची सोडून चढली होती. मॅडम वहीतून बोट फिरवत राहिल्या, पण गुन्हेगार सापडेना. मग संशयितांची हकालपट्टी सुरू झाली. सकाळचा चहा गेला. दुपारची दुसरी भाकर गेली. संध्याकाळचे मुरमुरे निर्दोष असूनही गेले.

"यात एकच गोष्ट शंभर टक्के बरोबर चाललीय," मॅडम म्हणाल्या. "सालसा. तो दोन वेळा घ्या."

"माहा भाऊच करते, मॅडम," ताई अभिमानानं म्हणाली.

मॅडमनी दीपककडे कौतुकानं बघितलं. त्यानं जमिनीकडे बघितलं.

"महिन्याभरात उतरली नाही, तर डॉक्टर गोळीचा डोस वाढवतील."

आहे त्याच गोळीनं ताईला रोज सकाळी कोरड्या उलट्या व्हायच्या. बाथरूमचा नळ मोठा सोडून ती त्या लपवायची. घराच्या भिंती पातळ होत्या.

दीपकनं सुधारायचं ठरवलं, पण भित्र्या माणसासारखं, हप्त्याहप्त्यानं. दीड चमचा. मग एक.

"दीप्या, माह्या तोंडाची चवच गेली बे," ताई म्हणाली. "हेबी हार्मोनचंच असन." आणि तिनं वहीत लिहिलं: 'चव गेली.'

त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकर खाल्ली, अर्धी परत ठेवली आणि दीपकशेजारी येऊन बसली.

"तुले एक सांगू? रागावू नको. आमच्या चौथीतल्या प्रेरणाचा वाढदिवस होता ना, तवा म्या एक चॉकलेट खाल्लं. वहीत लिव्हलं नाही. त्याच्यानंच वाढली असन." तिचा आवाज फुटला. "तू एवढं जीव लावून करून राह्यला, अन् म्या…"

"चॉकलेट नाही ताई," दीपक म्हणाला. "मी होय."

"काय?"

"दोन चमचे. रोज. लिंबाच्या रसात. दुसऱ्या दिवसापासून."

ताईच्या आधी बोलली ती आई, स्वयंपाकघराच्या दारातून.

"म्हंजे तूबी टाकत होता?"

दोघांनी वळून बघितलं.

"म्या एकच टाकत होती," आई म्हणाली. "पोरगी काऊन उपाशी मरते म्हनून. तू गच्चीवर अभ्यासाले गेला का."

क्षणभर दीपकला हायसं वाटलं. पापात भागीदार मिळाला, तोही वडीलधारा. दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली, की माफी मागायला उघडलेलं तोंड त्यानं मिटून घेतलं.

ताईनं हिशोब मागितला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, डॉक्टरले सांगा गोळी वाढवू नका. खान्यात साखर जाऊन राह्यली होती. हो, रोज. नाही, मले मालूम नव्हतं." 'कोणी' या प्रश्नापाशी ती थांबली. "घरच्याइनं," ती म्हणाली. तिनं नाव घेतलं असतं तर दीपकला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सहालाच ओट्याशी उभी होती. पपईच्या फोडी ओबडधोबड, कांदा जाडा, लिंबू बियांसकट. आई दाराआड उभी राहिली, पण पुढं आली नाही. ताईनं चमचाभर तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली.

"कसा हाय?" दीपकनं विचारलं.

"बेकार." तिनं दुसरा चमचा भरला.

"मीठ टाकू का थोडं?"

"हात लावू नको."

दीपकनं दोन्ही हात ओट्यावरून खाली घेतले आणि ती वाटी संपवेपर्यंत तसाच उभा राहिला.