सातव्या महिन्यात सात

शिवणाच्या दुकानात खडू लवकर संपायला लागले, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. कापडावर खुणा करायचे चपटे खडू. एरवी सहा महिने पुरायचे, या खेपेला महिन्यातच डब्याचा तळ दिसला. सासूबाई काजं-बटणं करायच्या, बेतणं आणि मशीन सुनेकडे. सुनेला सातवा महिना चालू होता.

"खडू जातात कुठे?" त्यांनी विचारलं.

सुनेच्या ओठाच्या कोपऱ्याला पांढरी भुकटी लागली होती.

हल्ली ती दोन कपडे शिवले की भिंतीला टेकायची, चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. सासूबाईंनी एकदोनदा "आम्ही नाही बाई असं बसलो" असं ऐकवलंही होतं. आज मात्र चष्मा काढून त्या म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी सुनेची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं सात.

"लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेत होते. पोट नुसतं दगड व्हायचं, वरून मळमळ. दोन महिने झाले, बंद केल्या."

"घरात सांगायचं तरी," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही नखरे म्हणाला असता, आई."

सासूबाईंना ते लागलं. खडूची गोष्ट शेवटी त्यांनीच सांगितली. सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाई मात्र सहज म्हणाल्या, "लोह कमी पडलं की काहींना खडू, माती खावीशी वाटते. तुला वेडबीड लागलेलं नाही. आता गोळ्यांचा गुण येईपर्यंत वाट बघायला वेळ नाही. शिरेतून देऊ."

खिडकीजवळच्या खाटेवर सुनेला झोपवलं. सलाईनच्या बाटलीतलं औषध बिनदुधाच्या चहासारखं गडद होतं. नर्सने सुई लावली आणि बजावलं, "अंग खाजलं, छाती भरून आली, तर लगेच सांगायचं. भीड धरायची नाही."

सासूबाई स्टूल ओढून नळीकडे टक लावून बसल्या.

"थेंब मोजताय का, आजी?" नर्सने विचारलं.

"टाके मोजायची सवय, दुसरं काय."

सुनेच्या तोंडाला धातूची चव आली, बाकी काही झालं नाही. बाटली अर्धी झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी पाटीवरची पेन्सिल खायची. तुझ्या नवऱ्याच्या वेळेला. न्हाणीघरात दार लावून."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग?"

"मग काय. बाळंतपणानंतर दोन दिवस मी डोळे उघडले नाहीत. सगळे म्हणाले, पोरगी नाजूक आहे. मलाही तेच खरं वाटलं."

सुई नसलेला हात सुनेने त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

बाटली संपल्यावर नर्सने अर्धा तास बसवून ठेवलं, रक्तदाब पाहिला आणि मग सोडलं. आठवड्याने दुसरी बाटली झाली. महिन्याभरात हिमोग्लोबिन दहाच्या घरात आलं आणि खडूवरची वासना आपोआप उडाली.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. रक्त गेलं, पण झेपलं. दुपारी सून उशीला टेकून उठून बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय." सासूबाईंनी बाळाला नर्सच्या हातात दिलं आणि आधी सुनेचं ताट वाढलं.