चितरगोट्यावरचं सांबर

भुयारटोल्याच्या तळ्यामागे एक मोठा काळा गोटा आहे. मावळतीचं ऊन आडवं पडलं की त्याच्यावर जनावर दिसतं. कोणतं जनावर, ते बघणाऱ्यावर असतं. पावसाचे ओघळ, वाळलेल्या शेवाळाचे चट्टे आणि मधोमध गेलेली भेग, एवढ्यातून कुणाला वाघ दिसतो, कुणाला अस्वल, कुणाला ससा. गाव त्याला चितरगोटा म्हणतं. १९५४ साली, चांदा जिल्ह्यात सिंदेवाहीच्या पलीकडच्या जंगलातल्या या टोल्यात, म्हणजे लहानशा वस्तीत, मुलगी द्यायची की नाही हे या गोट्यासमोर ठरत असे.

लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राबणाऱ्या पोराला दिवस बुडताना तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं करायचं. गावचा पुजारी, म्हणजे भूमक, त्याला विचारणार, काय दिसतं. पोराने एकदाच सांगायचं. मग तांदळाचा द्रोण घेऊन एकट्याने गोट्यापर्यंत चालत जायचं आणि द्रोण त्या जनावराच्या पायाशी ठेवायचा. त्याचा हात गोट्याला लागेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. वाघ पाहणारा धाडसी, अस्वल पाहणारा हट्टी, ससा पाहणारा काम टाकून पळणारा, सांबर पाहणारा सावध आणि घराला धरून राहणारा. ज्याला काहीच दिसत नाही तो आतून रिकामा. त्याला पोरगी देत नसत.

बिरजूला काहीच दिसणार नव्हतं. ऊन उतरलं की त्याचे डोळे जात. सुकलूच्या घरी तो दोन पावसाळे राबला होता आणि सुकलूच्या धाकट्या पोरीशी, सुकरीशी, त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं. संध्याकाळी तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून घरी येई. लोक म्हणत, पोराचा जनावरावर जीव आहे. बैल त्याला वाट दाखवतो, हे फक्त सुकरीने ओळखलं होतं.

तिने त्याला दुपारच्या उजेडात पाळीवरून गोट्यापर्यंत फिरवून आणलं होतं. कुठे उतार, कुठे मोहाचं मूळ, सगळं तळव्यांना दाखवलं होतं.

"वाघ सांगू नको," ती म्हणाली होती. "बुधरीबाईच्या नवऱ्यानं वाघ सांगितला होता. तवा बा गावभर मिरवला."

बुधरी तिची थोरली बहीण. नवऱ्याने मोडलेलं मनगट घेऊन ती माहेरी परतली होती. मनगट वाकडंच जुळलं.

"मंग काय सांगू?"

"सांबर. बसलं आहे, मान वळवून. एवढंच सांगजो. जास्तीचं बोलू नको."

त्या संध्याकाळी पाळीवर भूमक पोचू, सुकलू, शेजारचा जंगू आणि सुकरी एवढेच होते. सुकरीने द्रोण बिरजूच्या हातात दिला आणि मागे सरली. वारा पडला होता.

"काय दिसते, बिरजू?" पोचूने विचारलं.

बिरजूने मान वर केली. त्याच्यासमोर राखाडी धूर होता.

"सांबर. बसलं आहे, मान वळवून."

गोट्याच्या पायथ्याशी दिवसभर तापलेली एक सपाट शिळा आहे. तिच्यावरचा एक पट्टा हलला. तिथे पसरलेल्या वाघाने डोकं उचललं आणि मान वळवून पाळीकडे पाहिलं.

चौघांनाही तो एकदमच दिसला. जंगूचा हात कुऱ्हाडीकडे गेला आणि तिथेच थांबला. बिरजू एव्हाना पाळ उतरला होता.

तो हळू, पाऊल चाचपत चालला होता. द्रोण त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मागची शांतता त्याला ओळखीची होती. रिवाजच तसा होता. पोचू बोलेना, कारण भूमकानेच रिवाज मोडला तर उरलं काय. सुकलू बोलेना, कारण ओरडलं तर वाघ उठेल आणि उठलेल्या वाघाला सगळ्यांत जवळ बिरजूच होता. मोहाच्या मुळापाशी बिरजूने पाय उचलून टाकला. तिथून शिळा एका बैलगाडीच्या लांबीइतकीच दूर राहिली. वाघाने कान मागे पाडले.

"बिरजू, उभा राय."

सुकरीने आवाज चढवला नव्हता. गोठ्यातल्या बैलाशी बोलावं तशी ती बोलली.

"समोर वाघ आहे. पळू नको. मागं ये."

बिरजू थांबला. वळला नाही. टाचेने जमीन शोधत एक पाऊल मागे आला, मग आणखी एक. वाघ उठला, त्याच्याकडे बघत राहिला आणि मग, झोप मोडल्याचा राग असावा तसा, शेपटी झटकून बांबूच्या बेटात शिरला.

बिरजू पाळीवर आला तेव्हा पहिला जंगू बोलला.

"माह्यं तर धोतर तिथीच सुटलं असतं बाप्पा."

पोचू हसला आणि हसू लवकर थांबेना. "वाघाले सांबर म्हणते अन् सरळ त्याच्या तोंडापुढं जाते. असा माणूस या टोल्यात झाला नाई, सुकलू. याले धानाच्या राखणीले मचाणावर बसवा. रातभर एकटा बसन हा."

सुकलू हसला नव्हता. निडर जावई त्याने एकदा पाहिला होता.

"बिरजू, तुले वाघ दिसला होता का?"

फक्त हो म्हणायचं होतं. सुकरीने त्याच्याकडे पाहिलं, पण ते त्याला दिसायचं नव्हतं.

"नाई, मामा."

"मंग सांबर?"

"तेई नाई. दिवस बुडला का मले काईच दिसत नाई. सांबर मले सांगून ठेवलं होतं."

पोचूचा चेहरा बदलला. "म्हणजे गोट्यानं याले काईच दावलं नाई. रिकामा माणूस. पोरगी देऊ नको, सुकलू."

सुकलू सुकरीकडे वळला. "तुले ठाऊक होतं?"

"होय. सांबरबी म्याच सांगितलं."

"अन् तरी हाच पाह्यजे?"

"बैलाच्या पाठीवर हात ठिवून घरी येते तो, बा," सुकरी म्हणाली. "बैल अडला तर उभा राह्यते. त्या हातानं बैलालेबी कदी मारलं नाई."

बांबूच्या बेटाकडे बघत सुकलूने मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"सकाळी येऊ," तो अखेर पोचूला म्हणाला. "उजेडात विचारजो त्याले."

"सकाळच्या उन्हात गोट्यावर जनावर नाई दिसत, गा. नुसते डाग दिसते."

"मंग डागच सांगन तो."

पोचू पुटपुटत पुढे निघाला. जंगू कुऱ्हाड खांद्यावर टाकून त्याच्या मागे गेला. सुकलूने आपली काठी मागे केली आणि तिचं टोक बिरजूच्या मनगटाला लावलं.

"धर."

बिरजूने एका हाताने काठी धरली. दुसऱ्या हातात तांदळाचा द्रोण अजून तसाच होता.

"पुढं दगड आहे," सुकलू म्हणाला. "पाय उचलून टाक."