मुखपृष्ठ फाडलेला अंक

मी बोलतो आहे, पण माझे नाव मला सांगता येत नाही. ते ज्या पानावर छापले होते, ते पान माझ्या अंगावरून फाडून काढले गेले. मी चित्रकथेचा एक अंक आहे. बत्तीस पानांचा, दोन पिनांनी शिवलेला.

माझा जन्म १९८८ साली ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका छापखान्यात झाला. मला काढणारा आनंदा कल्याणमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवत असे. माझ्या हजार प्रतींसाठी त्याच्या आईने, मासे विकणाऱ्या ठमाबाईने, गळ्यातली सोन्याची माळ मोडली. त्या प्रती खपल्या तरच दुसरा अंक निघणार होता. त्याची चित्रेही आनंदाने काढून ठेवली होती.

आम्हाला त्याने राघोशेठ या वितरकाकडे सोपवले. त्याच्या धंद्यातली रीत अशी, की न खपलेला अंक परत आणायचा नाही. केवळ मुखपृष्ठ फाडून दाखवायचे आणि उरलेले रद्दीत घालायचे; मग त्या अंकाचे पैसे द्यावे लागत नाहीत. आनंदाने ती रीत विश्वासाने मानली. दोन महिन्यांनी त्याच्या हातात नऊशे मुखपृष्ठांचा गठ्ठा पडला.

"वाईट वाटून घेऊ नको," राघोशेठ म्हणाला. "आपली पोरं असलं वाचत नाहीत रे."

हे धादांत खोटे होते. मी त्याचा साक्षीदार आहे. रद्दीत घालण्याऐवजी राघोशेठने आम्हाला कल्याणजवळ शहाडच्या फुटपाथवर विकायला मांडले होते, आठ आण्याला एक. पोरे आम्हाला उभ्या उभ्या वाचत होती. चार दिवसांत ढीग तळाला गेला.

तेथे मला ठमाबाईने ओळखले. तिला अक्षर वाचता येत नाही. चित्र पाहून तिने माशांची पाटी खाली ठेवली, आठ आणे टाकले आणि त्याच दुपारी आनंदाला घेऊन राघोशेठचे दुकान गाठले.

"हे तुझंच कशावरून?" राघोशेठने मला उलटेपालटे केले. "नाव कुठाय? किंमत कुठाय? कव्हर नाही, तर पुस्तक नाही."

आनंदा माझी पाने उलटू लागला. नाव त्याने मुखपृष्ठावरच छापले होते. आतली जागा त्याला चित्रांसाठी हवी होती.

ठमाबाईने माझ्या गोष्टीतल्या नायिकेवर, मिठागरावरच्या मुलीवर, बोट ठेवले. "नाव नको बघू. हिचा तोंड बघ, आनि माजा बघ."

राघोशेठने दोन्ही तोंडे नीट पाहिली. "मावशे," तो म्हणाला, "तोंडावर पैसे मिळत नाहीत."

आज १९९९ आहे. दुसरा अंक निघाला नाही. राघोशेठच्या दुकानाची नवी पाटी पोटासाठी आनंदानेच रंगवली. तिच्यावर राघोशेठचे नाव मात्र हातभर मोठे आहे. मी ठमाबाईच्या पेटीत, त्या न छापलेल्या चित्रांवर पडून आहे.

माझ्या शेवटच्या पानावर मिठागराचा बांध फुटला आहे आणि ती मुलगी खिंडाराला पाठ लावून उभी आहे. पुढच्या अंकात गाव धावून येणार होते. आठ आण्यांत आम्हाला घेणाऱ्यांनो, मुखपृष्ठ कोणी फाडले, हे तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही. अकरा वर्षे झाली. पाणी तिच्या खांद्यापर्यंत आहे, आणि ती अजून एकटीच उभी आहे.